पीएचडीच्या पहिल्या सहा महिन्यांत पावसाचा डेटा कसा शिकवावा?

रानवारा
यंदा पीएचडीला दोन विद्यार्थी आहेत, एक पर्यावरणशास्त्रातून आलेली, एक सिव्हिलमधून. विषय मराठवाड्यातल्या अतिवृष्टीचा, १९५१ पासूनचा कल. हवामान खात्याचा पाव अंशाचा ग्रिड डेटा (देशावर पाव अंशाच्या चौकटी आखून प्रत्येकीला दिलेला रोजचा पाऊस) आणि ईआरए५ (युरोपीय केंद्राचा, निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून बनवलेला ताशी डेटा), दोन्ही वापरायचे आहेत. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धती, प्रकाशन नीती आणि एक वैकल्पिक विषय एवढंच आहे. आठवडाभर पायथन शिकवून थेट ट्रेंडवर बसवावं, की आधी काही वेगळं करून घ्यावं? नेमकं काय करून घ्यायचं ते सांगा.

नोंदवही
ट्रेंड तीन महिने बाजूला ठेवा. पहिलं काम एकच: २००५ ची फाइल उघडून २६ जुलैचा मुंबईचा पाऊस काढायचा, तोही तयार लायब्ररी न वापरता.

बायनरी फाइल घ्या. रेखांश ६६.५ ते १००, बिंदू १३५, अक्षांश ६.५ ते ३८.५, बिंदू १२९. प्रत्येक आकडा ४ बाइटचा. म्हणजे एका दिवसाचे ६९,६६० बाइट आणि ३६५ दिवसांचे २,५४,२५,९००. फाइलचा आकार बरोबर एवढाच भरायला हवा. कमी भरला तर डाउनलोड अर्धवट राहिलंय. आकड्यांच्या रांगेत आधी रेखांश सरकतो, मग अक्षांश. हे उलटं धरलं की नकाशावर तिरपे पट्टे उमटतात. समुद्रावर आणि देशाबाहेर -९९९ असतं. ते तसंच राहिलं तर सरासरी उणे येते आणि चूक लगेच कळते. खरा धोका -९९९ चं शून्य करण्यात आहे: किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांची सरासरी गुपचूप खाली येते आणि कुणाला शंकाही येत नाही.

मग तारीख. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मोजणीच्या दिवसाच्या नावावर चढतो. म्हणून २६ जुलैचा तो पाऊस २७ जुलैच्या नोंदीत सापडतो. वर्षातला २०८वा दिवस. पायथन शून्यापासून मोजतं, म्हणून क्रमांक २०७.

सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला होता. ग्रिडवर तेवढा मिळणार नाही. का मिळत नाही, हे विद्यार्थ्याने एका पानात लिहून द्यायचं. कुलाब्याला त्याच चोवीस तासांत ७५ मिमीही नव्हता आणि दोन वेधशाळांमधलं अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, म्हणजे साधारण ग्रिडच्या एका चौकटीएवढं. शिवाय सांताक्रूझ १९.० आणि १९.२५ या दोन अक्षांश-बिंदूंच्या जवळपास मधोमध येतं, तेव्हा दोन्ही बिंदू तपासायला लावा. हे पान पटेपर्यंत पुढे सरकू देऊ नका.

त्यानंतर तोच दिवस ईआरए५ मधून. तिथे वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि आपले साडेआठ म्हणजे ०३ यूटीसी. तासाचा पाऊस तास संपण्याच्या वेळेवर नोंदलेला असतो. म्हणून २६ तारखेच्या ०४ पासून २७ च्या ०३ पर्यंतचे चोवीस आकडे मिळवायचे. एकक मीटर आहे, १००० ने गुणायचं. पडताळणीसाठी पूर्ण मोसमाच्या दोन्ही मालिका एकमेकींवर ठेवून एक दिवस मागे, जागेवर, एक दिवस पुढे असा सहसंबंध काढा. तो जागेवरच सर्वांत जास्त यायला हवा. एक दिवस सरकून जास्त आला, तर तारीख चुकली आहे.

ईआरए५-लँड (त्याचीच फक्त जमिनीसाठीची बारीक आवृत्ती) घेणार असाल तर ही बेरीज तिथे लावू नका. त्यात पाऊस दिवसभर साचत जातो आणि ०० यूटीसीचा आकडा आदल्या दिवसाची बेरीज असतो. आधी लागोपाठच्या तासांची वजाबाकी करावी लागते.

टिपिंगबकेट
वरचं सगळं मान्य, पण त्याआधी दोन दिवस मापकाजवळ काढा. पावसाचा आकडा कुठून येतो हे न बघता आलेला विद्यार्थी ग्रिडला निरीक्षण समजून बसतो.

साध्या मापकाच्या नरसाळ्याचं तोंड १०० किंवा २०० चौरस सेंमीचं असतं आणि दोन्हींचे मोजपात्र वेगळे. १०० च्या मापकाचं पाणी २०० च्या पात्रात ओतलं की १० मिमीचे ५ मिमी दिसतात. जुन्या नोंदींत एखाद्या केंद्राचा पाऊस एका तारखेपासून अचानक निम्मा झाला, तर वातावरणात कारण शोधण्याआधी पात्र बदललं होतं का ते विचारा.

स्वयंचलित मापकात छोटी बादली भरली की कलून रिकामी होते, ती एक टिप. त्याचं कॅलिब्रेशन विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करावं. २०० चौरस सेंमी तोंड, ०.५ मिमीला एक टिप, म्हणजे टिपला १० मिली. एक लिटर पाणी थेंबथेंब सोडलं की १०० टिप पडायला हव्यात. ताशी २० मिमीच्या वेगाने सोडायचं तर याला अडीच तास लागतात. बाटली भसकन उलटी करू नका. पण एकदा मुद्दाम वेगाने सोडून बघाच: टिप कमी पडतात, कारण बादली कलत असताना येणारं पाणी मोजलंच जात नाही. अतिवृष्टी नेमकी याच वेगाने पडते, आणि तुमचा विषय अतिवृष्टीचा आहे.

रानवारा
नोंदवही, टिपिंगबकेट, दोघांचेही आभार. यानंतर ट्रेंडकडे वळताना मॅन-केंडॉल (मालिकेत कल आहे का ते तपासणारी चाचणी) पुरेशी आहे का?

कसोटी
एकटी पुरत नाही. मराठवाडा सुमारे ६४,६०० चौरस किमी. पाव अंशाची एक चौकट इथे साधारण ७३० चौरस किमीची, म्हणजे जवळपास नव्वद चौकटी. ५ टक्क्यांची पातळी धरली तर काहीही बदल नसताना चार-पाच चौकटी 'लक्षणीय' दिसतील. शेजारच्या चौकटी तेच मापक वाटून घेतात, त्यामुळे त्या चार-पाच एकाच जिल्ह्यात गोळा होतात आणि विद्यार्थी त्या जिल्ह्यावर प्रकरण लिहितो. बेंजामिनी-हॉखबर्ग दुरुस्ती (एकाच वेळी अनेक चाचण्या केल्या की येणारे खोटे निकाल आवरणारी) लावा. मालिकेत स्वसहसंबंध असेल, म्हणजे एका वर्षाचा आकडा आधीच्या वर्षांशी बांधलेला असेल, तर त्यासाठीची हामेद-राव सुधारणाही.

त्याहून मोठा प्रश्न मापकांच्या संख्येचा. हा ग्रिड एकूण ६,९५५ केंद्रांतून बनवला, पण दररोज सगळी नव्हती. कुठल्या वर्षी किती, हे बदलत गेलं. चौकटीत एकच मापक असेल तर त्याचा आकडा जवळपास जसाच्या तसा चौकटीला मिळतो. चार झाले की सरासरीने शिखर दबतं. पाऊस न बदलता अतिवृष्टीचा कल बदलू शकतो. म्हणून मोसमाचे निदान ९० टक्के दिवस भरलेली ठरावीक केंद्रं निवडून तोच ट्रेंड पुन्हा काढायचा आणि दोन्ही निकाल शेजारी छापायचे. ग्रिड फुकट आहे, पण केंद्रांचा डेटा पुण्याच्या राष्ट्रीय डेटा केंद्राकडे मागावा लागतो. तो अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

उंबरठाही आधीच लिहून ठेवा. ६४.५ मिमीला जोरदार, ११५.६ ला अति जोरदार, २०४.५ ला अत्यंत जोरदार हे खात्याचे निकष आहेत. मराठवाड्यात शेवटच्या वर्गात इतके कमी दिवस येतात की चौकटनिहाय ट्रेंडला अर्थ उरत नाही. तिथे पूर्ण विभागाचे दिवस एकत्र मोजा, किंवा चौकटीचा स्वतःचा ९९वा शतमक (ज्याच्या खाली ९९ टक्के दिवस येतात तो आकडा) घ्या. निकाल बघून उंबरठा निवडायचा नाही, म्हणून त्याची नोंद तारखेसह सल्लागार समितीच्या पहिल्या सादरीकरणात असावी.

नोंदवही
कोर्सवर्कबद्दल: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत १२ क्रेडिट हे किमान आहे. विभागाने ठरवलं तर त्यावर दोन क्रेडिटांचं प्रात्यक्षिक ठेवता येतं. मूल्यमापन सोपं आहे: दोघांनी एकमेकांचा कोड घ्यायचा, दुसऱ्या संगणकावर चालवायचा आणि २७ जुलैचा तोच आकडा काढून दाखवायचा.