कर्सरमधून (क्वेरीचा निकाल ओळीओळीने वाचून देणारा ऑब्जेक्ट) फक्त एका कॉलमची लिस्ट कशी काढायची?

प्रश्न
अँड्रॉइड, कॉटलिन, एसक्यूलाइट. 'ग्राहक' टेबलमध्ये आयडी, नाव, मोबाइल, गाव असे चार कॉलम आहेत. स्पिनरला (स्क्रीनवरची ड्रॉपडाउन यादी) फक्त गावांची लिस्ट द्यायची आहे. रॉक्वेरीत सिलेक्ट *, म्हणजे सगळे कॉलम, आहे. आधी मूव्हटूफर्स्ट, मग व्हाइल (मूव्हटूनेक्स्ट) मध्ये गेटस्ट्रिंग(३). टेबलमध्ये ५ ओळी, लिस्टमध्ये ४ गावं. पहिलं गाव कुठे जातं?

उत्तर १
तुमचा लूपच ती ओळ ओलांडतो. क्वेरीनंतर कर्सर -१ वर, म्हणजे पहिल्या ओळीच्या आधी उभा असतो. मूव्हटूफर्स्ट त्याला ० वर नेतं आणि ती ओळ वाचायच्या आत मूव्हटूनेक्स्ट १ वर नेतं. मूव्हटूफर्स्ट काढून टाका. टेबल रिकामं असलं तरी नुसतं व्हाइल पुरतं, कारण पहिल्याच फेरीत फॉल्स मिळतं.

गेटस्ट्रिंग(३) मधला आकडाही काढा. टेबल नव्याने बांधताना कॉलमचा क्रम बदलला तर गावाच्या जागी भलतंच काही येईल आणि एररही दिसणार नाही. लूपच्या बाहेर एकदाच गेटकॉलमइंडेक्सऑरथ्रो("गाव") घ्या. साधं गेटकॉलमइंडेक्स नाव चुकल्यावर गुपचूप -१ देतं. ऑरथ्रो तिथल्या तिथे एक्सेप्शन टाकतं आणि कॉलमचं नावही सांगतं. सगळं कर्सरच्या यूज ब्लॉकमध्ये ठेवा, म्हणजे मध्येच एक्सेप्शन आलं तरी कर्सर बंद होतो.

उत्तर २
लूप सुधाराच, पण मुळात चार कॉलम मागवूच नका:

सिलेक्ट डिस्टिंक्ट ट्रिम(गाव) अ‍ॅज गाव फ्रॉम ग्राहक व्हेअर गाव इज नॉट नल ऑर्डर बाय गाव कोलेट लोकलाइज्ड

ट्रिम (आजूबाजूच्या स्पेस काढणारं फंक्शन) नसेल तर 'सातारा' आणि मागे स्पेस असलेलं 'सातारा' ही दोन गावं होतात. अ‍ॅज गाव विसरलात तर ऑरथ्रोला 'गाव' नावाचा कॉलम सापडणार नाही. कोलेट लोकलाइज्ड अँड्रॉइडची स्वतःची सोय आहे, फोनच्या भाषेप्रमाणे क्रम लावते. डेस्कटॉपवरच्या साध्या एसक्यूलाइटमध्ये हीच क्वेरी एरर देईल.

प्रश्नकर्ता
५ पैकी ५ आली, आभार. कॉलमचं नाव क्वेरीतल्या प्रश्नचिन्हाच्या (?) जागी पाठवून एकच फंक्शन सगळीकडे वापरावं म्हटलं, तर प्रत्येक ओळीत 'मोबाइल' हाच शब्द येतोय. आणि गेटलाँगने काढलेल्या नंबरांत मध्येच ० दिसतो.

उत्तर १
प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त व्हॅल्यू बसते, कॉलमचं नाव नाही. म्हणून एसक्यूलाइट 'मोबाइल' ही स्ट्रिंगच परत देतं. नाव क्वेरीत जोडावं लागेल, पण आधी ते कोडमध्ये ठरवलेल्या नावांपैकीच आहे ना हे तपासा. युझरने टाइप केलेलं काहीही तिथे जाऊ देऊ नका.

० म्हणजे बहुधा नल, म्हणजे तिथे व्हॅल्यूच नाही. गेटलाँग नलचं शून्य करतं. आधी इझनल तपासा. शिवाय मोबाइल कॉलम टेक्स्टच ठेवा, इंटिजरमध्ये नंबराच्या सुरुवातीचं शून्य गळून पडतं.