समितीचा एकही आमदार नाही, खानापूरचा आमदार विरोधी बाकावर: मराठी शाळेचा प्रश्न सरकारपुढे कोण मांडणार?

खानापूरचा पालक (प्रश्न)

मी खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या एसडीएमसीचा, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचा, सदस्य आहे. शाळेत शिक्षकांची पदे रिक्त आहेत आणि वरून येणारी परिपत्रके केवळ कन्नडमध्ये असल्याने एसडीएमसीतील बऱ्याच पालकांना ती वाचता येत नाहीत. कर्नाटकच्या 2023 च्या विधानसभा निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातील 18 जागांपैकी 11 काँग्रेसला आणि 7 भाजपला मिळाल्या, सीमाभागातील मराठी गावे महाराष्ट्रात यावीत म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला एकही मिळाली नाही. आमच्या तालुक्याने भाजपचे विठ्ठल हलगेकर यांना निवडून दिले आणि सरकार मात्र काँग्रेसचे आले. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जिल्ह्यातून 11 आमदार देऊनही मंत्रिपदे दोनच का मिळाली? आणि ज्यांचा आमदार विरोधी पक्षात आहे आणि ज्यांची संघटना सभागृहातच नाही, अशा मराठी मतदारांनी आपले म्हणणे सरकारपर्यंत न्यायचे कोणत्या मार्गाने?

टिळकवाडीकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेत आहे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने कलम 164 मध्ये मर्यादा घातली की मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. कर्नाटकात 224 सदस्य असल्याने मंत्रिमंडळ 34 जणांचे होते. काँग्रेसचे 135 आमदार निवडून आले होते, म्हणजे साधारण चार आमदारांमागे एक मंत्रिपद. या हिशेबाने 11 आमदारांच्या वाट्याला दोन किंवा तीन पदे येतात, त्यामुळे दोन मिळणे हा जिल्ह्यावरचा मोठा अन्याय म्हणता येणार नाही.

मंत्री कोणाला करायचे हे मात्र कोणत्याही कलमात लिहिलेले नसते. 13 मे रोजी निकाल लागला, 14 मे रोजी बेंगळुरूत विधिमंडळ पक्षाची बैठक झाली आणि नेता निवडण्याचा अधिकार एका ओळीच्या ठरावाने पक्षाध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांच्याकडे सोपवण्यात आला. त्या बैठकीसाठी आलेल्या तीन निरीक्षकांमध्ये महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदेही होते. सिद्धरामय्या की डी. के. शिवकुमार हा निर्णय दिल्लीत व्हायला 18 मे उजाडला. 20 मे रोजी कंठीरवा स्टेडियममध्ये या दोघांसोबत आठ मंत्र्यांनी शपथ घेतली, त्यांत यमकनमर्डीचे सतीश जारकीहोळी होते. 27 मे रोजी आणखी 24 जणांचा शपथविधी झाला, तेव्हा बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर मंत्री झाल्या. निवडणुकीच्या तोंडावर भाजप सोडून काँग्रेसमध्ये आलेले आणि अथणीतून निवडून आलेले माजी उपमुख्यमंत्री लक्ष्मण सवदी यांना मात्र स्थान मिळाले नाही. जात, विभाग, ज्येष्ठता आणि दोन मोठ्या नेत्यांचे गट यांचा मेळ घालताना भाषिक अल्पसंख्याक ही बाब विचारात घ्यावी, असा दबाव आणणारे त्या खोलीत कोणीही नव्हते. आपल्या दृष्टीने खरी उणीव मंत्र्यांच्या संख्येत नसून या अनुपस्थितीत आहे, असे मला वाटते.

वडगावचा वाचक

टिळकवाडीकरांनी सांगितलेली अनुपस्थिती एका निवडणुकीत आलेली नाही. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे जुने मतदारसंघ गेले, बेळगाव शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि ग्रामीण हा नवा मतदारसंघ आला. त्या वर्षी समितीला एकही जागा मिळाली नाही. परंतु सगळा दोष पुनर्रचनेवर टाकता येत नाही, कारण याच नव्या सीमारेषांत 2013 मध्ये बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील हे समितीचे दोन आमदार निवडून आले होते. 2018 मध्ये खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले आणि काँग्रेसच्या अंजली निंबाळकर विजयी झाल्या. ज्या पद्धतीत सर्वाधिक मते घेणारा एकच जण निवडून येतो आणि उरलेल्या सर्वांची मते जागेच्या हिशेबात शून्य ठरतात, त्या पद्धतीत फूट परवडत नाही. 2023 मध्ये बेळगाव दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकर दुसऱ्या क्रमांकावर राहिले, म्हणजे मतदार संपलेला नाही. पण तरुण मतदार हिंदुत्वाच्या आणि विकासाच्या मुद्द्यावर राष्ट्रीय पक्षांकडे गेला आहे, आणि तो का गेला याचा विचार समितीच्या बैठकांतून पुरेशा गांभीर्याने होत नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

निपाणीहून

मी थोडे वेगळे मांडतो. आमच्याकडे 2023 मध्ये मुख्य लढत भाजपच्या शशिकला जोल्ले आणि राष्ट्रवादीचे उत्तम पाटील यांच्यात झाली. मराठी मतदार मोठ्या संख्येने असलेल्या या मतदारसंघात समिती मुख्य लढतीत नव्हतीच. इथल्या लोकांनी राष्ट्रीय पक्षांचा मार्ग केव्हाच स्वीकारला आहे आणि त्यातून रस्ते, पाणी, ऊस यांविषयीची कामे होतात. म्हणून खानापूरच्या दादांना माझे सांगणे आहे की आमदार कोणत्या पक्षाचा हे पाहत बसू नये. हलगेकर स्वतः मराठी आहेत. शाळेचा विषय त्यांच्याकडेच न्यावा.

वडगावचा वाचक

निपाणीकर, रस्त्यांपुरते आपले म्हणणे मान्य आहे. तरीही मराठी बोलणारा आमदार आणि मराठीच्या प्रश्नावर निवडून आलेला आमदार यांत फरक आहे, कारण पहिल्याला बोलण्यापूर्वी पक्षाचे धोरण पाहावे लागते आणि कर्नाटकातील कोणताही राष्ट्रीय पक्ष सीमाप्रश्नावर वेगळी भूमिका घेऊ देत नाही. शिवाय महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर उभा आहे. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने 865 गावांविषयी ठराव केला, तोही याच भूमिकेतून. आता समितीला मिळणारी मते घटत गेली तर लोकेच्छेचा आधार कशावर दाखवायचा? माझ्या दृष्टीने समितीला दिलेले मत सरकार बनवण्यासाठी नसतेच. ते नोंदवून ठेवलेले म्हणणे असते आणि म्हणून ते पराभवातही वाया जात नाही.

खानापूरचा पालक

आपण सर्वांनी सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. वडगावकरांची भावना माझ्या घरातही आहे, माझे वडील दरवर्षी 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत जात असत. पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत आमच्या शाळेतील मुले थांबू शकत नाहीत. निवेदन नेमके कोठे द्यावे, हे कोणी सांगू शकेल का?

टिळकवाडीकर

दादा, तीन ठिकाणी द्यावे. पहिले ठिकाण म्हणजे तालुक्याची केडीपी बैठक, म्हणजे सरकारी कामांचा आढावा घेणारी कर्नाटक विकास कार्यक्रमाची बैठक. तिचे अध्यक्षपद स्थानिक आमदाराकडे असते, तो विरोधी पक्षाचा असला तरीही, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना तेथे उत्तर द्यावे लागते. बैठकीच्या आधी आमदारांना लेखी पत्र द्या, त्यात रिक्त पदांची शाळावार यादी जोडा आणि विषय इतिवृत्तात आला की नाही ते नंतर पाहा. जिल्ह्याची केडीपी बैठक पालकमंत्री घेतात. या मंत्रिमंडळात बेळगावची ती जबाबदारी सतीश जारकीहोळी यांच्याकडे देण्यात आली आणि हेब्बाळकर यांना उडुपी मिळाले, म्हणून जिल्ह्यातील दोन मंत्र्यांपैकी नेमके कोणाकडे जायचे याविषयी गोंधळ नको.

दुसरे ठिकाण हिवाळी अधिवेशन. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात ते भरते तेव्हा अधिवेशनाच्या निषेधार्थ समितीचा महामेळावा होतो आणि पोलीस तो अडवतात, बातमी तेवढीच राहते. महामेळाव्याला जाणाऱ्यांनी जरूर जावे, माझा त्याला विरोध नाही. पण त्याच दिवसांत सगळे खाते बेळगावात असते आणि शिक्षणमंत्र्यांना निवेदन देणे शक्य असते. आमदाराकरवी लेखी प्रश्न विचारून घेतला तर सरकारला रिक्त पदांचे आकडे पटलावर ठेवावे लागतात, आणि पुढच्या प्रत्येक मागणीला ते आकडे उपयोगी पडतात.

तिसरे, घटनेच्या कलम 350 ब खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयींविषयी कलम 350 अ आहे, त्याचा उल्लेख निवेदनात करावा. समिती मराठी परिपत्रकांची मागणी याच आयुक्तांकडे करत आली आहे. आयुक्त आदेश देऊ शकत नाहीत, शिफारस करतात, तरी ते राज्य सरकारकडे विचारणा करू शकतात.

आणखी एक गोष्ट वडगावकरांसाठी. कलम 210 अन्वये ज्या सदस्याला सभागृहाच्या भाषांत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेतून बोलण्याची परवानगी देऊ शकतात. ही तरतूद वापरणारा माणूस सभागृहात असावा, याविषयी आपल्या दोघांत मतभेद नाही. त्यासाठी पुढच्या निवडणुकीत बेळगावचे तिन्ही मतदारसंघ आणि खानापूर येथे प्रत्येकी एकच उमेदवार राहील आणि त्याची निवड गावोगावच्या मराठी मतदारांसमोर उघडपणे होईल, एवढे समितीने आधी करून दाखवावे.

खानापूरचा पालक

शेजारच्या गावांतील मराठी शाळांच्या एसडीएमसी सदस्यांशी बोलून रिक्त पदांची यादी तयार करण्यास सुरुवात करतो. निवेदनाचा मसुदा झाला की याच चर्चेत ठेवतो, कृपया आपण तिघांनी तो तपासून द्यावा.