मदत हवी आहे: सहा वर्षं कंत्राटी, काम पर्मनंटचंच

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ आयटीआय फिटर. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं असेंब्ली लाइनवर आहे, ठेकेदाराकडून. शेजारच्या स्टेशनवरचे काका पर्मनंट. तीच शिफ्ट, तेच नट आवळायचं काम. भावाच्या हातात साडेसोळा हजार पडतात, काकांना त्याच्या तिप्पट. फरक फक्त गळ्यातल्या कार्डाच्या पट्टीचा.

दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, नवं कार्ड मिळतं आणि सर्व्हिस पुन्हा शून्यावर. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक) तेवढा तोच राहिलाय. दुसरीकडे गेला तर तिथेही कंत्राटीच, पगार परत तळापासून.

2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांना समान कामाला समान वेतन दिलं, पण ते सरकारी होते. खासगी कारखान्यात असं कुणी मिळवलंय का? सलग नोकरी दाखवायला जुन्या पगाराच्या स्लिपा, गेटपास आणि पीएफचं पासबुक पुरतं का? आधी कामगार आयुक्तांकडे जायचं की युनियनकडे? नाव पुढे आलं की दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालणार नाही, ही त्याची धास्ती आहे. घरात दोन लहान मुलं आहेत. यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.