मदत हवी आहे : कॅम्पर व्हॅनमधला फ्रिज विजेवर गार होतो, गॅसवर नाही

आमच्या व्हॅनमधला अमोनियावर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज २३० व्होल्ट वीज आणि गॅस अशा दोन्हींवर चालतो. येथे कोल्हापुरात घरासमोर विजेवर लावला की रात्रीत बर्फ धरतो. गॅसवर मात्र बारा तासांनंतरही आतले तापमान १८ अंशांखाली उतरत नाही. त्यामुळे कूलिंग युनिट शाबूत असून दोष गॅसच्या बाजूला असावा, असा माझा अंदाज आहे. (उद्यमनगरातल्या एका मेकॅनिकने ‘गॅस भरावा लागेल’, म्हणजे कूलिंग युनिटमधला अमोनिया, असे सांगितले, परंतु हे युनिट कारखान्यातच सीलबंद केलेले असते.)

ज्योत पहिल्या ठिणगीला पेटते आणि टिकते, म्हणून थर्मोकपलवर (ज्योतीची उष्णता ओळखून गॅस चालू ठेवणारा भाग) संशय नाही; पण ती निळी, ताठ नसून पिवळसर आणि डुलती आहे. गाडी पाणसळ लावून समतल उभी केली, बर्नर ब्रशने झाडला, बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटचे बारीक छिद्र मोठे होऊ नये म्हणून त्यात सुई न घालता तो स्पिरिटमध्ये भिजवला, आणि धुराड्यातून मूठभर काजळी काढून आतली पिळाची पट्टी (गरम वायूंचा वेग कमी करणारी) पुन्हा लटकवली. मागच्या जाळ्या मोकळ्या आहेत, साबणाच्या पाण्याने गळती दिसली नाही आणि त्याच सिलिंडरवर शेगडी व्यवस्थित चालते. फ्रिजच्या पाटीवर ३० मिलिबार दाब लिहिला आहे, तो मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही.

जेट बदलण्याआधी दोन गोष्टी कळाव्यात : धुराड्यातली ती पट्टी बर्नरपासून किती उंचीवर असावी लागते, आणि बर्नर पेटलेला असताना फ्रिजपाशी गॅसचा दाब मोजून देणारे कोल्हापूर-सांगली भागात कोणी आहे का?