दत्तकपत्र रजिस्टर, पण जन्मदाखल्यावर जन्मदात्या वडिलांचं नाव. वारस नोंद अडली आहे

प्रश्न
1988 साली मला थोरल्या काका-काकूंनी दत्तक घेतलं, तेव्हा मी दोन वर्षांची होते. दत्तकपत्र रजिस्टर आहे. शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत सगळीकडे दादांचं, म्हणजे काकांचंच नाव. आई, म्हणजे काकू, आधीच गेली, दादा यंदा गेले. दीड एकर जिरायत आणि विहिरीत चार आणे हिस्सा. वारस नोंदीचा अर्ज दिला तर माझ्या सख्ख्या भावांनीच हरकत घेतली: "जन्मदाखल्यावर आमच्या बापाचं नाव, म्हणजे ही आमची बहीण. काका निपुत्रिक गेले." भाऊबीजेला मात्र मी चुलत असते! तलाठी म्हणतात, आधी दाखला दुरुस्त करून आणा.

उत्तर 1
ताई, महसुलात नोकरी झाली माझी. जन्मदाखला जन्माचा पुरावा, वारसाचा नव्हे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याचं कलम 12 बघा: दत्तक झाल्या दिवसापासून मूल त्या घरचं, जन्मघराशी वारसाचं नातं तुटतं. कलम 16 प्रमाणे देणारा-घेणारा दोघांच्या सह्या असलेलं रजिस्टर दत्तकपत्र खरंच मानायचं. खोटं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. हरकत आली म्हणून अर्ज परत करता येत नाही, तक्रारी नोंदवहीत, म्हणजे वादाच्या नोंदींच्या रजिस्टरात, घेऊन सुनावणी लावावी लागते. दाखल्याची दुरुस्ती सवडीने करा, त्यापायी नोंद थांबवू नका.

उत्तर 2
भावांचा वकील कोण आहे? कारण त्यांचं म्हणणं खरं धरलं तर ताई त्यांच्या बापाच्या जमिनीत मुलाइतक्याच वाटेकरी. शिवाय पुतणी म्हणून काकांच्या जमिनीतही पुतण्यांच्या बरोबरीने. हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

उत्तर 3
दादांनी मृत्युपत्र केलं होतं का? दत्तक घेतलं तरी स्वतःची मिळकत हवी त्याला द्यायला बाप मोकळा असतो, कलम 13. ते आधी तपासा.

प्रश्नकर्ती
मृत्युपत्र नाही. दुय्यम निबंधकांकडून दत्तकपत्राची नक्कल काढली. देणारा म्हणून जन्मदात्या वडिलांचा अंगठा आहे, पण साक्षीदार दोघंही वारलेत. चालेल?

उत्तर 1
चालेल. तीस वर्षांवरचा दस्त योग्य ताब्यातून, म्हणजे जिथे असायला हवा तिथूनच आला तर तो खरा मानायला कायदाच परवानगी देतो. मूळ प्रत सुनावणीला फक्त दाखवा, हातात नक्कलच द्या. आणि पोच घ्या.