मैत्रिणींसोबत मालवण: गुडघेदुखीवाल्यांना किल्ला झेपेल का?

प्रश्न: आम्ही शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीपुढच्या. डिसेंबरात मालवण ठरतंय. दोघींचे गुडघे दुखतात. सिंधुदुर्ग किल्ला झेपेल?

सागरिका: झेपेल गं ताई! धक्क्यावरून होडी मिळते, चढता-उतरताना नावाडी हात देतात. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघाच. चहूकडे खारं पाणी आणि विहिरी गोड्या! आमची एक मैत्रीण काठावर वाकून आत बघतच राहिली, हलेचना. सगळ्याजणी तिथेच बसलो, शाळेतली गाणी म्हटली. नवरा-मुलांबरोबर असं बसणं होत नाही. शिवराजेश्वराचं मंदिर चुकवू नका.

देवबागकर: मुक्काम तारकर्लीला करा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे संध्याकाळी जा.

प्रश्नकर्ती: आणि जेवण?

सागरिका: घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगा. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं मागाच.