"तिळव्यानं नेलं": पणजोबांची बोट कशी शोधू?

महालची लेक:
आम्ही मूळचे गुहागरकडचे. आजोबांना रेल्वेत नोकरी लागली, म्हणून नागपूरला आलो आणि इथलेच झालो. पणजोबा आफ्रिकेच्या लाईनवर डेकचे खलाशी होते. 1942 ची भाऊबीज करून मुंबईला गेले, ते परत आलेच नाहीत. बोट बुडाली एवढा निरोप आला. घरात त्यांचा एकच फोटो आहे. स्टुलावर हात टेकून उभे आहेत, पट्ट्याचं बक्कल घासूनपुसून लख्ख केलेलं, मागे तारीख नाही.

तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं सगळं सर्वपित्रीला होतं. बाबा 76 चे झाले. "एकदा तरी त्यांच्या तिथीला पान वाढायचंय," हे दर पितृपक्षात ऐकते आणि जीव तुटतो. मुंबईतल्या एका कार्यालयात ते दोनदा जाऊन आले. बोटीचं नाव आणा, मग बघू, म्हणाले.

पणजी मी सहा वर्षांची असताना गेली. संक्रांतीला ती तिळाच्या वडीला हात लावायची नाही. का विचारलं की म्हणायची, "तिळव्यानं नेलं." याहून जास्त कुणालाच आठवत नाही. कुठून सुरुवात करू?

बंदरकाठ:
ताई, हा तिळवा खायचा नव्हे, बोट आहे! एस. एस. तिलावा, ब्रिटिश इंडिया कंपनीची. 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून मोंबासाकडे निघाली आणि 23 ला पहाटेच्या आधी जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारून बुडवली. बोटीवर 958 माणसं होती, 280 गेली. उरलेल्यांतले बहुतेक एचएमएस बर्मिंगहॅम या युद्धनौकेनं उचलले. त्या वर्षी दिवाळीची अमावास्या 8 नोव्हेंबरला होती, म्हणजे तुमची भाऊबीजही बरोबर जुळते.

जुने दप्तर:
जुळतंय, पण नाव सापडेपर्यंत पक्कं धरू नका. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर 'बॉम्बे 1939-1945 वॉर मेमोरियल' शोधा. समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशांची ती यादी आहे. स्मारक मुंबईत मशीद बंदरला, खलाशांच्या वसतिगृहात आहे. आडनावावरून शोधू नका. कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलंय, आडनाव कित्येकदा नाहीच. 23 नोव्हेंबर 1942 ही तारीख घ्या आणि एकेक नाव मोठ्यानं वाचा. काही नोंदींत वडिलांचं नाव असतं, ओळख त्यावरूनच पटते. तिथं नाही मिळालं तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये युद्धकाळातल्या बोटींवरच्या खलाशांचे करारनामे आहेत, बीटी 381 या मालिकेत. ते बोटीच्या अधिकृत क्रमांकानं लावलेत, तो आधी काढून ठेवा.

महालची लेक:
बंदरकाठ, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ फोटोकडेच बघत बसले. मग म्हणाले, "आजी बोटीचं नाव सांगत होती आणि आपण तिला तिळगूळ विचारत होतो." रात्री आम्ही दोघं त्या बोटीबद्दल वाचत बसलो. तिच्यावरच्या चांदीच्या 2364 विटा समुद्रातून काढल्या, त्यांचा खटला विलायतेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विटांचा आकडा लागतो, मग माणसाचं नावही लागलंच पाहिजे. उद्या बाबांना शेजारी बसवून ती यादी वाचणार आहे.

रामटेकवाले:
तारीख पक्की झाली की गुरुजींना वेळही सांगा. 22 नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा होती आणि बोट त्याच रात्री उशिरा बुडाली. पौर्णिमा धरायची की वद्य प्रतिपदा, हे 1942 चं पंचांग उघडूनच ठरेल.

महालची लेक:
दादा, आमचे गुरुजी जुनी पंचांगं जपून ठेवणारे आहेत, त्यांना आजच फोन करते. नाव मिळालं तर कार्तिकात बाबांना घेऊन तुमच्या रामटेकच्या अंबाळा तलावावर येऊ. पणजोबांच्या वडिलांचं नाव मी वेगवेगळ्या सहा इंग्रजी स्पेलिंगांत लिहून ठेवलंय. बाबांनी सातवं सुचवलं.